काळी काच म्हणजे थंड घर नव्हे

होळी पेटली की थंडी पळाली, असे जुनी माणसे म्हणत. शहरांतील पश्चिमाभिमुख सदनिकांत राहणाऱ्यांची खरी कसोटी त्याच दिवसापासून सुरू होते. दुपारी तीननंतर ऊन दिवाणखान्यात शिरते, सोफ्यावरून सरकत समोरच्या भिंतीपर्यंत पोहोचते आणि सूर्य मावळल्यानंतरही खोलीतील धग हटत नाही. पडदे ओढून घेतले तर खोली अंधारते, उकाडा मात्र बराचसा तसाच राहतो. अशा वेळी कोणीतरी सुचवते, ‘काचांना फिल्म लावून घ्या.’ दुकानदार नमुन्यांचा पुठ्ठा पुढे करतो. घरातील मंडळी त्यातील सर्वांत काळा तुकडा निवडतात आणि दोन-तीन तासांत कारागीर काम उरकून निघून जातो.

वर्षभरानंतर याच घरांतून काही ठरावीक तक्रारी ऐकू येतात. भर दिवसा दिवे लावावे लागतात, उकाडा अपेक्षेइतका कमी झालेला नसतो आणि एखाद्या तावदानाला कोणी हात न लावताही तडा गेलेला असतो. या तिन्ही तक्रारींचे मूळ बहुतेकदा एकाच समजुतीत असते. फिल्म जितकी काळी तितके घर थंड, ही ती समजूत. ती चुकीची का, हे कळण्यासाठी काचेतून ऊन आत कसे येते, हे आधी पाहिले पाहिजे.

काच आणि ऊन

सूर्याकडून पृथ्वीच्या पृष्ठभागावर पोहोचणाऱ्या ऊर्जेचे ढोबळमानाने तीन भाग पडतात. डोळ्यांना दिसणारा प्रकाश सुमारे ४३ ते ४५ टक्के असतो. न दिसणारे अवरक्त किरण निम्म्याच्या आसपास असतात आणि अतिनील किरणांचा वाटा पाच टक्क्यांच्या आत-बाहेर असतो. साधी पारदर्शक काच यांतील बहुतांश ऊर्जा विनातक्रार आत सोडते. आत आलेले ऊन फरशी, भिंत, गादी यांवर पडते, त्या वस्तू तापतात आणि स्वतः उष्णता बाहेर टाकू लागतात. ही उष्णता मात्र दीर्घ लहरींच्या रूपात असते आणि अशा लहरींना काच आरपार जाऊ देत नाही. उन्हाला आत येण्याची मुभा आणि उष्णतेला बाहेर जाण्याची बंदी, असा हा प्रकार आहे. रोपवाटिकेतील काचघर ज्या रीतीने ऊन आत घेऊन तापते, त्याच रीतीने बंद काचांची खोलीही तापते.

हे प्रमाण किती, याचा अंदाज साध्या हिशेबाने येतो. चार फूट बाय पाच फूट खिडकी म्हणजे सुमारे १.८६ चौरस मीटर काच. उन्हाळ्यातील दुपारी पश्चिमेच्या खिडकीवर दर चौरस मीटरला ६०० वॅट ऊन पडत आहे असे धरले, तर त्या खिडकीवर सुमारे १,११६ वॅट ऊर्जा पडते. सहा मिलिमीटर जाडीची साधी काच त्यातील जवळपास ८२ टक्के उष्णता आत जाऊ देते. म्हणजे सुमारे ९१५ वॅट. मे महिन्यात खोलीच्या मधोमध एक छोटा हीटर लावून ठेवावा, तसेच हे झाले.

आता याच खिडकीतून बाहेरच्या तप्त हवेमुळे किती उष्णता येते, ते पाहू. बाहेरचे तापमान आतल्यापेक्षा दहा अंशांनी अधिक असेल, तर एकेरी काचेतून वाहून येणारी उष्णता साधारण १०६ वॅट भरते. दोन्ही आकडे शेजारी ठेवले की चित्र स्पष्ट होते. ऊन थेट पडत असताना खिडकीवाटे येणाऱ्या उष्णतेत मोठा वाटा त्या उन्हाचा असतो, बाहेरच्या गरम हवेचा नव्हे. फिल्मचे काम या पहिल्या आकड्यावर चालते. दुसऱ्या आकड्यावर सर्वसाधारण फिल्मचा फारसा परिणाम होत नाही. साहजिकच ज्या खिडकीवर थेट ऊन पडत नाही, तिला फिल्म लावून पैसे वाया जातात आणि सूर्यास्तानंतर कोणत्याही खिडकीवरची फिल्म खोली गार करू शकत नाही.

आतला पडदा कमी का पडतो, याचेही उत्तर येथे आहे. पडद्यापर्यंत पोहोचलेले ऊन काच ओलांडून आधीच घरात आलेले असते. पांढरा पडदा त्यातील काही भाग परत बाहेर फेकतो. गडद पडदा मात्र स्वतः तापतो आणि ती धग खोलीतच सोडतो.

दोष कोणत्या खिडकीचा?

मुंबई-पुण्याच्या अक्षांशांवर मेच्या मध्याच्या सुमारास आणि पुन्हा जुलैच्या उत्तरार्धात सूर्य भर दुपारी अगदी डोक्यावर येतो. शून्य सावलीचा दिवस म्हणून शाळांमधून तो दाखवलाही जातो. ऐन उन्हाळ्यात माध्यान्हीचे ऊन उभ्या खिडकीवर न पडता गच्चीवर पडते. त्यामुळे दक्षिणेच्या खिडकीला त्या दिवसांत छोटा छज्जाही पुरतो. पूर्वेला सकाळी आणि पश्चिमेला दुपारनंतर सूर्य खाली असतो आणि छज्जाखालून थेट आत डोकावतो. त्यातही पश्चिमेचे ऊन अधिक जाचते, कारण तोपर्यंत हवा, भिंती आणि स्लॅब अगोदरच तापलेले असतात.

दक्षिणेच्या खिडकीची गोष्ट हिवाळ्यात बदलते. डिसेंबरात सूर्य दक्षिणेकडे कललेला असतो आणि ऊन खोलीत दूरवर येते. नाशिक-पुण्याच्या थंडीत घरातील वृद्धांना ते हवेहवेसे वाटते. पडदा बाजूला सारता येतो, फिल्म तशी सारता येत नाही. ती बारा महिने तेवढेच ऊन अडवते. म्हणूनच ‘सगळ्या खिडक्यांना एकदमच लावून टाका’ हा सल्ला ऐकण्यापूर्वी प्रत्येक खिडकीचा वेगळा विचार व्हायला हवा.

अनेकदा तर खिडकीचा दोषच नसतो. सर्वांत वरच्या मजल्यावरील सदनिका रात्री उशिरापर्यंत तापलेली राहते, ती प्रामुख्याने गच्चीच्या स्लॅबमुळे. पश्चिमेची उघडी भिंत दिवसभर ऊन पिते आणि रात्री ते आत सोडते. अशा घरात खिडकीवर फिल्म लावणे म्हणजे आजार म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला. तेथे गच्चीवरील पांढरा उष्णतारोधक लेप किंवा भिंतीचा इलाज अधिक उपयोगी ठरतो.

खरे कारण शोधण्याची एक बिनखर्ची युक्ती आहे. खिडकीबाहेरच्या ग्रीलवर जाड पांढरी चादर दोन-तीन दिवस बांधून ठेवावी आणि खोलीतील तापमान साध्या तापमापकाने दुपारी चार वाजता व रात्री नऊ वाजता नोंदवावे. नंतर तेवढेच दिवस चादरीशिवाय त्याच नोंदी घ्याव्यात. दुपारच्या नोंदीत ठळक फरक पडला तर खिडकी दोषी आहे. फरक नगण्य असेल आणि रात्री भिंत किंवा छत हाताला गरम लागत असेल, तर दुखणे दुसरीकडे आहे.

आणखी एक गोष्ट सहसा कोणी सांगत नाही. वातानुकूलन नसलेल्या घरात सरकत्या खिडकीचा एक भाग वाऱ्यासाठी उघडा असतो. त्या मोकळ्या भागातून ऊन फिल्मला वळसा घालून सरळ आत येते. फिल्मचा पूर्ण लाभ खिडक्या बंद असणाऱ्या खोलीतच मिळतो. वाऱ्यावर भिस्त असलेल्या घराला बाहेरची सावलीच अधिक उपकारक असते.

फिल्म म्हणजे नेमके काय?

शीतपेयांच्या बाटल्या ज्या जातीच्या पॉलिएस्टरपासून बनतात, त्याच जातीचा हा अतिशय पातळ, स्वच्छ पापुद्रा असतो. घरगुती सन कंट्रोल फिल्मची जाडी साधारण २५ ते ५० मायक्रॉन, म्हणजे माणसाच्या केसाहूनही कमी. त्याच्या एका अंगाला काचेला धरून ठेवणारा चिकट थर, दुसऱ्या अंगाला ओरखड्यांपासून वाचवणारा कठीण थर आणि मध्ये ऊन अडवणारा रंग, धातू किंवा इतर द्रव्य अशी तिची रचना असते. थ्रीएम या अमेरिकी कंपनीला १९६६ मध्ये अशा फिल्मचे पेटंट मिळाले. महाराष्ट्राचाही या उद्योगाशी जवळचा संबंध आहे. छत्रपती संभाजीनगर येथे कारखाने असलेली गरवारे हाय-टेक फिल्म्स ही कंपनी अशा फिल्म बनवते आणि परदेशीही पाठवते.

बाजारात मिळणाऱ्या फिल्मचे ढोबळ तीन वर्ग करता येतात. पहिला वर्ग केवळ रंगीत फिल्मचा. ती स्वस्त असते आणि डोळ्यांवर येणारी तिरीप कमी करते. मात्र तिचे काम मुख्यतः ऊन शोषून घेण्याचे असते. फिल्म आतून लावलेली असल्याने शोषलेल्या उष्णतेचा काही भाग बाहेर जातो आणि काही भाग खोलीतच येतो. हलक्या प्रतीचा रंग उन्हाने काही वर्षांत जांभळट पडतो आणि फिल्मला फोड येऊ लागतात. जुन्या इमारतींत अशा जांभळ्या काचा आजही पाहायला मिळतात.

दुसरा वर्ग धातूचा सूक्ष्म थर दिलेल्या फिल्मचा. ॲल्युमिनियमसारख्या धातूचा थर ऊन शोषण्यापेक्षा परावर्तित करतो. त्यामुळे ती उष्णता घरात येण्याचा प्रश्नच उरत नाही. या फिल्म आरशासारख्या चकाकतात. घराच्या सर्वच खिडक्यांना त्या लावल्या तर मोबाइलचे सिग्नल क्षीण होण्याची शक्यता असते.

तिसरा वर्ग सिरॅमिक कणांच्या किंवा निवडक किरणेच अडवणाऱ्या बहुस्तरीय फिल्मचा. दिसणारा प्रकाश बऱ्याच प्रमाणात आत येऊ द्यायचा आणि न दिसणारे अवरक्त किरण रोखायचे, हे त्यांचे वैशिष्ट्य. साहजिकच त्या महाग असतात. चौरस फुटामागे काही दहा रुपयांपासून काहीशे रुपयांपर्यंत भाव असण्याचे हे एक प्रमुख कारण आहे. ‘नॅनो सिरॅमिक’ हे शब्द मात्र आता कोणत्याही पुठ्ठ्यावर छापलेले दिसतात. म्हणून शब्दांपेक्षा आकड्यांवर भर द्यावा.

पत्रकातील आकडे वाचताना

नामांकित उत्पादकाच्या प्रत्येक फिल्मचे तांत्रिक माहितीपत्रक असते. ते मागणे हा ग्राहकाचा पहिला हक्क आणि पहिले कामही. त्यातील तीन-चार आकडे पुरेसे असतात.

पहिला आकडा व्हीएलटी, म्हणजे दिसणाऱ्या प्रकाशापैकी किती टक्के आत येतो ते प्रमाण. २० टक्क्यांची फिल्म गडद, ५० टक्क्यांची मध्यम, ७० टक्क्यांची जवळपास पारदर्शक. दुसरा आकडा टीएसईआर, म्हणजे एकूण सौर ऊर्जेपैकी किती टक्के अडते ते प्रमाण. घर किती थंड राहील, हे या आकड्यावर ठरते. काही पत्रकांत त्याऐवजी एसएचजीसी हा गुणांक असतो. एकमधून तो वजा केला की टीएसईआर मिळतो. म्हणजे ०.४५ गुणांक याचा अर्थ ५५ टक्के ऊर्जा अडली. वरच्या उदाहरणातील ९१५ वॅटची खिडकी अशा फिल्मनंतर सुमारे ५०० वॅटवर येते. अशा दोन खिडक्या असतील तर खोलीवरचा भार आठशे वॅटहून अधिक उतरतो. एक टनाचे वातानुकूलन यंत्र सुमारे ३,५०० वॅट उष्णता खोलीबाहेर काढते. त्या तुलनेत ही बचत थोडी नाही, पण ती यंत्राची जागाही घेऊ शकत नाही.

काळेपणा आणि थंडावा यांची फारकत येथे उघड होते. स्वस्त रंगीत फिल्म ८० टक्के प्रकाश अडवूनही एकूण ऊर्जेपैकी निम्मीसुद्धा अडवत नाही, असे घडू शकते. उलट दर्जेदार फिल्म निम्मा प्रकाश आत घेऊनही निम्म्याहून अधिक ऊर्जा बाहेर ठेवू शकते. पहिल्या घरात दिवसा दिवे लागतात. दुसऱ्यात पुस्तक वाचता येते.

तिसरा आकडा अवरक्त किरणांचा आणि गफलत येथेच अधिक होते. ‘९० टक्के अवरक्त किरण अडवते’ म्हणजे ९० टक्के उष्णता अडवते, असे ग्राहक समजतो. अवरक्त किरण एकूण ऊर्जेच्या निम्मे धरले, तर त्यांचे ९० टक्के म्हणजे एकूण ऊर्जेचे ४५ टक्केच. त्यातही हा आकडा अनेकदा काही ठरावीक लहरींपुरताच मोजलेला असतो आणि शोषलेल्या ऊर्जेचा काही भाग पुन्हा आत येतच असतो. दुकानात तांबड्या दिव्यासमोर फिल्मचा तुकडा धरून ग्राहकाला हात पुढे करायला सांगतात, तो प्रयोग याच कारणाने फसवा आहे. तो दिवा प्रामुख्याने अवरक्त किरणच टाकतो. उन्हात प्रकाशही असतो आणि प्रकाशालाही उष्णता असते.

याच न्यायाने अवाजवी दावेही ओळखता येतात. एखाद्या फिल्मने सगळे अतिनील आणि सगळे अवरक्त किरण अडवले, पण दिसणारा प्रकाश पूर्णपणे आत सोडला, तरी ती फार तर ५५ टक्क्यांच्या आसपास ऊर्जा अडवू शकेल. उरलेली ऊर्जा प्रकाशाबरोबर आत येणारच. ‘काचेसारखी स्वच्छ आणि ८० टक्के उष्णता बंद’ असे कोणी म्हणत असेल, तर तो निसर्गनियमांच्या पलीकडचा माल विकतो आहे असे समजावे.

चौथा आकडा अतिनील किरणांचा. साधी काच अतिनील किरणांतील ब वर्गाचा बहुतांश भाग अडवते, पण अ वर्गाचे बरेच किरण आत येतात. चांगली फिल्म ९९ टक्क्यांपर्यंत अतिनील किरण रोखते, मग ती गडद असो वा पारदर्शक. त्यामुळे पडदे, पुस्तकांच्या पाठी आणि लाकडी फर्निचर फिके पडण्याचा वेग मंदावतो. थांबत मात्र नाही, कारण रंग उडण्यात प्रकाशाचा आणि उष्णतेचाही हात असतो.

खिडकीची मूळ काच रंगीत असेल तर आणखी एक गुणाकार करावा लागतो. तपकिरी किंवा हिरवी काच मुळात ५० टक्केच प्रकाश आत सोडत असेल आणि तिच्यावर ३५ टक्क्यांची फिल्म लावली, तर आत येणारा प्रकाश जेमतेम साडेसतरा टक्के उरतो. पुठ्ठ्यावर मध्यम दिसलेली फिल्म घरात काळोखी का वाटते, याचे कारण हेच. म्हणून हातभर नमुना प्रत्यक्ष खिडकीवर पाण्याने चिकटवून, दिवसाच्या दोन वेगवेगळ्या वेळी पाहिल्याशिवाय निवड करू नये.

काच तडकते ती का?

फिल्म लावल्यावर काही दिवसांनी तावदान तडकले की दोष बहुधा काचेला किंवा नशिबाला दिला जातो. खरे कारण तापमानातील तफावतीत असते. उन्हात काचेचा मधला भाग तापून प्रसरण पावतो. ॲल्युमिनियमच्या चौकटीत दडलेल्या कडा तुलनेने थंड राहतात आणि ताणल्या जातात. ऊन शोषणारी गडद फिल्म मधला भाग अधिक तापवते आणि हा ताण वाढवते. कापताना कडेला बारीक खपली उडालेली असेल, तर तडा तेथूनच सुरू होतो. कडेपासून काटकोनात निघून पुढे नागमोडी गेलेली रेघ ही अशा तड्याची खूण असते.

धोका कोठे अधिक, हे सांगता येते. मुळातच रंगीत असलेली काच स्वतःही ऊन शोषते. दुहेरी काच, लॅमिनेटेड काच आणि आत तारेची जाळी असलेली काच यांच्याबाबतही सावधगिरी हवी. छज्जाची किंवा शेजारच्या इमारतीची सावली अर्ध्याच तावदानावर पडत असेल, काचेला खेटून जाड पडदा असेल किंवा वातानुकूलन यंत्राचा थंड झोत थेट काचेवर येत असेल, तर ताण आणखी वाढतो. सरकत्या खिडकीचे दोन पाट एकावर एक ठेवून दिवसभर उन्हात सोडले, तर मधली हवा कोंडून तापते, तेही टाळलेले बरे.

टफन केलेल्या काचेला हा धोका फारच कमी असतो. ती ओळखण्यासाठी कोपऱ्यात कोरलेला शिक्का शोधावा. शिक्का नसेल तर पोलराइज्ड गॉगल लावून तिरप्या नजरेने पाहावे, टफन काचेत ठिपक्यांची किंवा पट्ट्यांची नक्षी दिसते. साध्या काचेसाठी कमी शोषणारी फिल्म निवडावी. काचेचा प्रकार आणि फिल्मचा प्रकार जुळतो का, हे दाखवणारा तक्ता उत्पादकांकडे असतो. हमीपत्रात काच तडकल्यास भरपाई आहे की केवळ फिल्म बदलून मिळेल, हे पैसे देण्यापूर्वी वाचावे.

दिवसाचा आरसा, रात्रीचा पडदा

अनेकजण फिल्म उन्हासाठी नव्हे, समोरच्या इमारतीतील नजरांसाठी लावतात. आरशासारखी फिल्म दिवसा बाहेरून आतले दिसू देत नाही, हे खरे. ही किमया फिल्मच्या अंगी नसून प्रकाशाच्या फरकात असते. ज्या बाजूला उजेड अधिक, त्या बाजूच्या माणसाला आपलेच प्रतिबिंब दिसते. संध्याकाळी घरात दिवे लागले आणि बाहेर अंधार झाला की बाजू उलटते. आतल्या माणसाला काचेत स्वतःचा चेहरा दिसतो आणि बाहेरच्याला आतले घर. ‘एकाच बाजूने दिसणारी’ फिल्म लावली म्हणून शयनगृहाचे पडदे काढून टाकण्याची चूक करू नये. रात्रंदिवस आडोसा हवा असेल तर दुधी फिल्म हा पर्याय आहे, पण तिच्यातून बाहेरचेही दिसत नाही.

बसवण्याची रीत

फिल्मचे आयुष्य जितके तिच्या प्रतीवर, तितकेच बसवणाऱ्याच्या हातावर असते. काम काचेच्या आतल्या बाजूने होते. आधी धूळ, रंगाचे शिंतोडे आणि जुना गोंद धारदार पात्याने खरवडून काच स्वच्छ धुतात. खोलीतील पंखा बंद ठेवतात, कारण धुळीचा एक कणही कायमचा ठिपका होऊन बसतो. मग सौम्य साबणाचे थोडे थेंब टाकलेले पाणी काचेवर भरपूर फवारून फिल्म त्यावर तरंगती ठेवतात, जागेवर सरकवतात आणि रबरी पात्याने मधून कडेकडे पाणी काढतात. कडेला एक-दोन मिलिमीटरची फट ठेवणे ही हयगय नव्हे. फिल्म चौकटीला टेकली तर तेथूनच ती सुटू लागते.

काच तापलेली असताना पाणी झटकन वाळते आणि फिल्म वेडीवाकडी चिकटते. म्हणून पश्चिमेच्या खिडकीचे काम सकाळी आणि पूर्वेच्या खिडकीचे दुपारनंतर करून घ्यावे. सुरुवातीचे काही आठवडे आत पाण्याचे बुडबुडे आणि किंचित धूसरपणा दिसतो. तो आपोआप जातो. पावसाळी दमट हवेत त्याला अधिक दिवस लागतात. साधारण महिनाभर काच पुसू नये. पुढेही मऊ कापड आणि साबणाचे पाणी पुरे, अमोनियायुक्त द्रावण आणि खरबरीत घासणी फिल्मचा घात करतात. खडबडीत किंवा नक्षीदार काचेच्या खरखरीत बाजूवर फिल्म नीट धरत नाही, त्यामुळे न्हाणीघराच्या जुन्या काचांसाठी तिचा आग्रह धरू नये.

शेजारी, सोसायटी आणि कायदा

गाड्यांच्या काळ्या काचांवर बंदी असताना घराला फिल्म चालते का, अशी शंका अनेकांना असते. सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०१२ मध्ये दिलेला आदेश वाहनांच्या काचांपुरता होता. घरांच्या खिडक्यांशी त्याचा संबंध नाही. सहकारी गृहनिर्माण संस्थेत मात्र सदनिकेत फेरफार करण्यापूर्वी समितीची परवानगी घेण्याचा उपविधींचा दंडक आहे आणि इमारतीचे दर्शनी रूप बदलणारी चकचकीत फिल्म हा वादाचा विषय होऊ शकतो. अशा फिल्मवरून परतलेले ऊन समोरच्या शेजाऱ्याच्या घरात जाऊ शकते, याचेही भान हवे. काम सुरू करण्यापूर्वी सचिवांना एक लेखी पत्र देणे शहाणपणाचे.

मुळात हा प्रश्न घर बांधतानाच सुटायला हवा. केंद्राच्या ब्युरो ऑफ एनर्जी एफिशिअन्सीने २०१८ मध्ये निवासी इमारतींसाठी ‘इको निवास संहिता’ जाहीर केली. थंड प्रदेश वगळता इतरत्र भिंती आणि खिडक्यांवाटे आत येणाऱ्या उष्णतेला तिने दर चौरस मीटरला १५ वॅटची मर्यादा सुचवली आहे. ती नव्या बांधकामांसाठी आहे. नवी सदनिका घेताना पश्चिमेच्या खिडकीवर छज्जा किती, काच कोणती, हे विचारण्याचे निमित्त म्हणून तरी ग्राहकाने तिच्याकडे पाहावे.

फिल्मच्या आधी

गिरगावातील जुन्या चाळींच्या लाकडी झडपा, विदर्भातील वाळ्याचे ताटे, वाड्यांच्या ओसरीवरचे बांबूचे चिक या साऱ्यांत एक समान सूत्र होते. ऊन काचेपर्यंत किंवा दारापर्यंत पोहोचण्याआधीच बाहेर अडवायचे. आजही बाहेरच्या बाजूचा छज्जा, बांबूचा चिक, कापडी छत किंवा ग्रीलवर चढवलेला वेल यांची बरोबरी आतून लावलेली कोणतीही फिल्म सहसा करू शकत नाही. उंच इमारतीत, वाऱ्यापावसात किंवा सोसायटीच्या नियमांमुळे असे काही लावता येत नसेल, तेव्हा फिल्मची पाळी येते आणि तेथे ती उत्तम काम करते.

थोडक्यात, दुकानात जाण्यापूर्वी काही प्रश्नांची उत्तरे घरीच शोधावीत. ऊन नेमके कोणत्या खिडकीतून आणि कोणत्या वेळी येते? खिडकी त्या वेळी बंद असते का? तिची काच साधी, रंगीत की टफन? बाहेरून सावली करता येईल का? या साऱ्याची उत्तरे फिल्मच्या बाजूने आली, तर माहितीपत्रकातील टीएसईआर आधी पाहावा, मग व्हीएलटी, आणि रंग सर्वांत शेवटी. एकदा लावलेली चांगली फिल्म आठ-दहा वर्षे टिकते. तेवढी वर्षे त्या खोलीत कोणीतरी अभ्यास करणार असते, कोणीतरी दुपारी वर्तमानपत्र वाचणार असते. त्यांच्या वाट्याचा उजेड न हिरावता ऊन अडवणारी फिल्म तीच घ्यावी, मग ती पुठ्ठ्यावर कितीही फिकी दिसो.